हात मागे, तोंड बंद

आमच्या सरांच्या हाताखालून एकोणीस वर्षांत सहाशेच्या वर पोरं इंजिनिअर होऊन गेली. त्या सगळ्यांना सरांनी एकच गोष्ट शिकवली: हात मागे घ्या आणि तोंड बंद ठेवा. बाकीचं पुस्तकात आहे, असं ते म्हणायचे. विषयाचं कागदावरचं नाव होतं ‘कल्पनेपासून बाजारापर्यंत’. ते प्राचार्यांनी ठेवलेलं. सर त्याला नुसतं वस्तूचा तास म्हणत. पोरं सरांना मौनी सर म्हणत, आणि त्या तासाला सबंध वेळ एकटे सरच बोलत असत.

मी त्याच कॉलेजच्या वर्कशॉपमधला मिस्त्री. पोरांनी कागदावर काढलेलं लाकडात आणि लोखंडात उतरवून द्यायचं हे माझं काम. कागदावर भोक पाडायला काही लागत नाही, पोलादात पाडायला लागतं, हे दरवर्षी नव्या पोरांना सांगून माझ्या स्वभावाची वाट लागली. सर मात्र चिडत नसत. ते थकत. जिना चढताना मधल्या वळणावर कठड्याला टेकून उभे राहत आणि खालून येणारा कुणी दिसला की खिशातला कागद काढून वाचायचं सोंग करत. मी तो कागद एकदा पाहिला होता. विजेचं जुनं बिल होतं.

त्यांचा नियम सोपा होता. पोरांनी वस्तू केली की ती तीस दिवस अनोळखी माणसाच्या घरी ठेवायची. पहिल्या दिवशी पोरांनी तिथे जायचं, वस्तू टेबलावर ठेवायची आणि हात पाठीमागे बांधून, तोंड मिटून उभं राहायचं. माणसाने वस्तू उलटी धरली तरी बोलायचं नाही. एकदा एका पोराने कपड्यांना पाणी मारायची बाटली केली होती. ती इस्त्रीवाल्याने उलटी धरली आणि स्वतःच्या तोंडावर फवारा मारून घेतला. पोरगा चुळबुळला, पुढे झाला. सरांनी मागून त्याच्या शर्टाची कॉलर धरली. बाहेर आल्यावर म्हणाले, “तू काय प्रत्येक बाटलीबरोबर घरोघरी जाणार आहेस का?”

हा नियम त्यांना एका पंपाने शिकवला. कॉलेजात यायच्या आधी ते पाण्याच्या पंपांच्या कारखान्यात आरेखन करत. त्यांनी हातपंपाचा एक दांडा केला होता, मुठीत बरोबर बसेल असा वळणदार. तो बसवल्यावर एका वस्तीत बघायला गेले, तर एका बाईने त्याच्यावर चिंध्या गुंडाळल्या होत्या. सरांनी चिंध्या सोडल्या, दांडा कसा धरायचा ते तिला समजावून सांगितलं. बाईने मान डोलावली, तसाच धरला, पाणी काढलं. सर खूश होऊन निघाले. कोपऱ्यावर गेल्यावर लक्षात आलं की छत्री राहिली. परत आले तर बाई पुन्हा चिंध्या गुंडाळत होती. “मिस्त्री,” ते मला म्हणाले होते, “ती माझ्याशी खोटं बोलली नाही. तिने माझं मन राखलं. मन राखणाऱ्या माणसाइतका धोकेबाज माणूस आमच्या धंद्यात दुसरा नाही.” ही गोष्ट ते दरवर्षी पहिल्या तासाला सांगत. मला ती तोंडपाठ झाली होती. त्यांना स्वतःला ती लागू पडेल असं मात्र आम्हा दोघांच्याही मनात कधी आलं नाही.

वर्कशॉपच्या मागच्या भिंतीला एक लोखंडी कपाट होतं. तीस दिवस काढून परत आलेल्या वस्तू त्यात जात, आणि प्रत्येकीला सर स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी बांधत. चष्मा हरवला की वाजणारी शिट्टी होती, तिच्यावर लिहिलं होतं, ‘शिट्टी हरवली.’ जिना चढणारी पिशवी होती: ‘उतरत नाही.’ दूध उतू जाऊ न देणारं झाकण होतं: ‘धुवायला अर्धा तास.’ पोरं पास होत, नोकऱ्यांना लागत, वस्तू कपाटात राहत. एकोणीस वर्षांत एकही दुकानात गेली नाही. सर एकदा मला म्हणाले, “एक, मिस्त्री. जास्त नको. कुठल्याही दुकानाच्या फळीवर एक वस्तू दिसली की मी सुखाने निवृत्त होईन.” हे म्हणताना ते हसले होते, पण त्यात थट्टा नव्हती.

शेवटच्या वर्षी प्राचार्यांनी सरांना बोलावून सरळ सांगितलं की या वर्षी काही बाहेर पडलं तर विषय चालू राहील, नाहीतर बंद. खोलीही हवी होती, संगणकांना. सर वर्कशॉपमध्ये येऊन स्टुलावर बसले आणि लेथवर पडलेला लोखंडाचा कीस बोटाने गोळा करत राहिले.

आणि त्याच वर्षी उठणी आली. म्हणजे वर्गातल्या दोघांनी ती आणली. एक पोरगी होती, तिला सगळे मोजपट्टी म्हणत, कारण तिच्या खिशात कायम मोजपट्टी असे आणि बोलता बोलता ती समोरच्या टेबलाची उंची मोजून घेई. दुसरा वकील. त्याच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलं नव्हतं, मीही नाही. वस्तूचं नाव त्यांनी असं ठेवलं होतं की जिभेला पीळ पडावा. मी उठणी म्हणायला लागलो आणि तेच चिकटलं. गुडघे गेलेल्या माणसासाठी खुर्चीवर ठेवायची ती बैठक होती. दोन फळ्या, पुढच्या बाजूला बिजागऱ्या, मधे गाडीच्या डिकीला असते तसली गॅसची स्प्रिंग. बाजूचा खटका दाबला की वरची फळी मागून उचलली जाते आणि बसलेला माणूस उभा राहतो. मी स्वतः बसून पाहिलं. मला गुडघ्याचं काही नाही, तरी उठताना बरं वाटलं. एकोणीस वर्षांत माझ्या हातून गेलेली ती सगळ्यांत सुबक वस्तू होती, आणि मी सहसा असं म्हणत नाही.

ती एका निवृत्त पोस्टमनकडे जायची ठरली होती. ऐन वेळी त्याला मुलीकडे राहायला जावं लागलं. दुसरा माणूस शोधायचा तर दोन आठवडे जाणार, आणि वर्ष संपायला पाच उरलेले. वकील म्हणाला, “सर, काकूंना चालेल का? त्यांना पण गुडघ्याचा त्रास आहे ना?”

काकू म्हणजे सरांची बायको, माझ्या वहिनी. आयुष्यभर वाचनालयात काम केलेल्या. पुस्तकांच्या शिड्या चढून उतरून त्यांच्या गुडघ्यांची वाट लागली होती, आणि आता त्या घरी बसून वाचनालयाची फाटकी पुस्तकं चिकटवून देत.

मी म्हणालो, “सर, नियम अनोळखी माणसाचा आहे.”

“मला माहीत आहे, मिस्त्री. माझाच आहे.” त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून डोळे चोळले. “पण ती स्पष्ट बोलते. भाजीत मीठ जास्त झालं तर स्वतःहून सांगते. आणि मी आता कुठे कुठे फिरू?”

माणूस खरोखर दमला होता. मी उठणी पाठीवर घेऊन त्यांच्या घरी पोचवली.

त्यानंतरचा महिना मला आठवतो, कारण त्या महिन्यात सर जिन्याच्या वळणावर थांबत नव्हते. पोरांनी वहिनींना एक वही दिली होती. तिच्यात त्या रोज लिहीत. ‘आज दहा वेळा वापरली. चांगली आहे.’ ‘आज बारा वेळा. दुपारी विशेष उपयोग झाला.’ अक्षर वाचनालयातल्या नोंदींसारखं, मोत्यांसारखं. सर ती वही वर्कशॉपमध्ये आणून मला वाचून दाखवत, आणि चहाबरोबर दुसरं बिस्किट घेत. रुग्णालयांच्या खाटा बनवणारे एक कारखानदार कॉलेजात आले, वही पाहिली, उठणीवर बसले, उठले, पुन्हा बसले. पहिल्या खेपेला पाचशे नग करू म्हणाले. करारावर सह्या करायला शुक्रवारचे अकरा ठरले. प्राचार्य सरांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना दारापर्यंत सोडायला आले. हे त्यांनी यापूर्वी कधी केलं नव्हतं.

मंगळवारी मी उठणी वर्कशॉपमध्ये परत आणली. खालच्या फळीचे रबरी पाय बदलायचे होते आणि कारखानदारांना एक आकडा हवा होता, स्प्रिंग दिवसातून किती वेळा दाबली जाते तो. त्यासाठी पोरांनी खटक्याच्या आत एक छोटा काउंटर बसवलेला होता. खटका दाबला की तो वेळेसकट नोंद करी. इतके दिवस तो कुणी उघडला नव्हता. वहीच एवढी छान होती की उघडायची गरज कुणाला वाटणार?

मोजपट्टीने वायर जोडली, आकडे पडद्यावर आले. ती वाचत राहिली. मग तिने खिशातून मोजपट्टी काढली आणि नुसतीच उघडझाप करायला लागली.

“काका, तीस दिवसांत सत्त्याऐंशी.”

“वहीत तर रोजचे दहा-बारा आहेत.”

“रोज दोनदा आहे. सकाळी साडेसातला एकदा, संध्याकाळी साडेसहाला एकदा. रविवारी मात्र आठ-आठ. आणि एका बुधवारी दुपारी तीनदा. त्या दिवशी आम्ही फोटो काढायला गेलो होतो.”

सर सकाळी आठला घरातून निघतात आणि सहाला पोचतात, हे कॉलेजातल्या शिपायालासुद्धा ठाऊक होतं. मधले दहा तास वहिनी एकट्या असत. उठवायला कुणी नाही. खरी गरज तेव्हाची, आणि फोटोची दुपार सोडली तर त्या दहा तासांच्या रकान्यात महिनाभर शून्य होतं.

आता मी जे केलं ते सांगतो. मी दार लोटून घेतलं आणि विचारलं, “हे पुसता येतं का?”

“येतं,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे पाहत राहिली.

बावीस वर्षांची पोरगी. तिची स्वतःची वस्तू बाजारात जायची होती, तिचं नाव करारावर लागायचं होतं, आणि ती माझ्याकडे अशी बघत होती की मला लाज वाटली. मी लेथकडे वळून उगाच फडकं मारत बसलो. मग तिने आकड्यांचा कागद छापला, सरांच्या खोलीत जाऊन त्यांच्या टेबलावर ठेवला, दोन पावलं मागे आली आणि हात पाठीशी बांधून तोंड मिटून उभी राहिली. मी दारातून पाहत होतो.

सरांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. घड्याळात पावणेतीन झाले होते. “मिस्त्री, चला,” ते म्हणाले. कुठे ते मी विचारलं नाही.

कामाच्या दिवशी दुपारी सर स्वतःच्या घरी गेल्याचं मला तरी आठवत नाही. त्यांनी किल्लीने दार उघडलं. आतल्या खोलीत वहिनी खिडकीपाशी बसल्या होत्या. मांडीवर पुस्तक, शेजारी डिंकाची वाटी. दाराचा आवाज ऐकून त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि उठायला लागल्या. खिडकीच्या गजाला कमरेचा एक चामडी पट्टा अडकवलेला होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, मान खाली घातली, तीनदा पुढे-मागे झाल्या आणि चौथ्यांदा उभ्या राहिल्या. धरायच्या जागी चामडं झिजून काळंभोर आणि गुळगुळीत झालं होतं. मग त्यांनी वळून पाहिलं.

“अहो, तुम्ही? बरं नाही का?”

सर पट्ट्याकडे बघत होते. “हा माझा पट्टा आहे.”

“हो.”

“दोन वर्षं शोधतोय मी हा.”

“माहीत आहे. मीच तुमच्याबरोबर शोधत होते.”

मला हसू आलं आणि लगेच गिळावं लागलं. सरांनी खिशातला कागद काढून त्यांच्या हातात दिला. वहिनींनी तो खिडकीच्या उजेडाला धरून वाचला, वाचनालयाची रीतच ती, वरून खाली, एकेका ओळीवर बोट ठेवून.

“हे यंत्र चुगली करतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं,” त्या म्हणाल्या.

“वहीत दहा-बारा वेळा कशाला लिहिलंस?”

“मग काय लिहू?” त्यांचा आवाज चढला नाही. “दर उन्हाळ्यात त्या कपाटात एक वस्तू ठेवून येता आणि चार दिवस तुमची जेवणावर वासना नसते. एकोणीस वर्षं मी ताट वाढते आणि अर्धं उचलते. या महिन्यात तुम्ही आंघोळीला जाताना गुणगुणत होतात. त्यावर मी पाणी ओतू?”

सर तिथल्या खुर्चीत बसले. मग म्हणाले, “आणि आधीच्या? मी घरी आणलेल्या वस्तू? ते बरणीचं झाकण, ती कात्री, तो दिवा. सगळ्यांना तू चांगलंच म्हणालीस.”

वहिनींनी जरा आठवून पाहिलं.

“दिवा बरा होता,” त्या म्हणाल्या.

मी पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो आणि बराच वेळ पेले विसळत उभा राहिलो. परत आलो तर सरांनी पट्टा गजावरून काढून मांडीवर घेतला होता आणि झिजलेल्या जागेवरून अंगठा फिरवत होते. मग उठून त्यांनी तो पुन्हा होता तिथे अडकवला.

परत येताना रस्त्यात मी म्हटलं, “सर, शुक्रवार टाळा. काहीतरी कारण सांगू. स्प्रिंग बदलू.”

“ती शुक्रवारी येईल,” ते वहिनींबद्दल म्हणाले. “कारखानदारांना मी फोन करतो. तिला विचारा म्हणून सांगतो.”

“आणि वहिनी काय सांगतील?”

“ते तिला विचारायचं आहे, मिस्त्री. मला नाही.”

गुरुवारी सकाळी वहिनींचा मला फोन. आयुष्यात पहिल्यांदा. “मिस्त्री, यांना विचारलं, उद्या काय सांगू? चांगली आहे म्हणू का? तर हे हात मागे बांधून खिडकीशी उभे. कालपासून एक शब्द नाही. नवऱ्याने बायकोला एवढं तरी सांगावं की नाही? तुम्ही सांगा, काय बोलू?”

त्यांना सगळं माहीत होतं. चांगली म्हटलं तर विषय वाचणार, पोरांचं नाव होणार, सरांची एक वस्तू दुकानाच्या फळीवर जाणार. नाही म्हटलं तर सगळ्यावर पाणी. माझ्या मनात काय होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हणालो, “वहिनी, मी लोखंडातला माणूस. मला यातलं काय कळतं?”

“म्हणजे तुम्हीही तेच,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला.

शुक्रवारी प्राचार्यांच्या बैठकीच्या खोलीत टेबलावर नवे पेन मांडले होते. मी उठणी उचलून आणली आणि खुर्चीवर ठेवली. प्राचार्य, कारखानदार, वकील, मोजपट्टी, आणि मी भिंतीला टेकून. वहिनी सरांच्या हाताला धरून आल्या. सरांनी त्यांना खुर्चीपर्यंत आणलं, त्या बसल्या, आणि सर मागे सरून भिंतीशी उभे राहिले, हात पाठीशी, नजर खिडकीबाहेर.

कारखानदार भला माणूस होता. “काकू, एकदा उठून दाखवा,” तो म्हणाला.

वहिनींनी खटका दाबला. फळी मागून वर यायला लागली आणि मी पहिल्यांदा ते पाहिलं जे महिनाभर रोज दोनदा होत होतं. त्यांची पावलं अजून जमिनीवर नीट बसायची होती आणि मागून फळी लोटत होती. स्प्रिंग त्यांच्या वजनाचीच होती, हिशोबात काही चूक नव्हती. तरी त्यांनी टेबलाची कड अशी घट्ट धरली की नखं पांढरी झाली. चेहऱ्यावर मात्र हसू. तेवढं त्या सवयीने करत होत्या. वकिलाचं तोंड उघडलं. मोजपट्टीने त्याच्या बुटावर पाय ठेवला.

“कशी वाटते?” कारखानदाराने विचारलं.

वहिनींनी मान वळवून सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते. पाठीमागे त्यांची बोटं एकमेकांत अडकली होती, आणि मी भिंतीशी असल्यामुळे ती मला दिसत होती. प्राचार्य घसा खाकरून म्हणाले, “काकूंनी वहीत तर फार छान लिहिलंय.”

“वहीत मी खोटं लिहिलं,” वहिनी म्हणाल्या. “मला हिची भीती वाटते. ही माझी वाट बघत नाही. मी एकटी असताना हिच्यावर बसत नाही. पडले तर उचलायला कुणी नसतं.” मग जरा थांबून पोरांकडे बघून म्हणाल्या, “तुमचे कष्ट फार आहेत रे. पण मला भीती वाटते.”

कारखानदाराने पेनाचं टोपण लावलं. रागावला नाही. “बरं झालं आत्ता कळलं,” तो म्हणाला. “नीट करून आणा. पुढच्या वर्षी बघू.” पुढचं वर्ष नव्हतं, हे त्याला कुणी सांगत बसलं नाही. प्राचार्यांनी सरांकडे न बघता कागद गोळा केले.

बाहेर व्हरांड्यात वकील पहिल्यांदा गप्प होता. मोजपट्टी वहिनींपाशी गेली आणि म्हणाली, “काकू, घरी येऊ का? पट्टा किती उंचीवर बांधलाय ते मोजायचंय.” तिला पट्ट्याचं कुणी सांगितलं? मीच सांगितलं होतं. माझ्या पोटात काही राहत नाही. वहिनी म्हणाल्या, “दुपारी ये. यांच्या अपरोक्ष.”

सरांनी उठणी स्वतः उचलून वर्कशॉपमध्ये आणली. मी घेतो म्हटलं तर दिली नाही. कपाटात खालच्या खणात जागा केली, दोरा घेतला, चिठ्ठी घेतली आणि किती तरी वेळ पेन धरून बसले. मग लिहिलं, ‘मी घरी असतानाच चालली.’ गाठ मारताना त्यांचा हात चुकला म्हणून ती मी मारली.

विषय बंद झाला. सर निवृत्त झाले. निरोपाच्या वेळी भाषणं झाली, त्यात सरांनी घडवलेल्या पिढ्यांचा पाढा वाचला गेला, कपाटाचा उल्लेख कुणी केला नाही. खोलीत संगणक आले. वस्तू भंगारात टाका, असा मला हुकूम होता. मी टाकल्या. चिठ्ठ्या तेवढ्या सोडून घेतल्या, कारण सरांनी मागितल्या होत्या.

त्या द्यायला मी दोन महिन्यांनी त्यांच्या घरी गेलो. दुपारचे तीन असतील. वहिनी खिडकीपाशी पुस्तकं चिकटवत होत्या. आता पट्टा दिवसभर गजावरच असतो. मला बघून त्या चहा ठेवायला उठायला लागल्या. सर दोन पावलांवर उभे होते, हात पाठीमागे. वहिनी एकदा पुढे-मागे झाल्या, दुसऱ्यांदा झाल्या, तिसऱ्यांदा झाल्या आणि तशाच बसून राहिल्या.

“अहो,” त्या म्हणाल्या, “परीक्षा संपली आता. हात द्या.”

सर पुढे झाले नाहीत. “तुला हवाय म्हणून मागतेस,” त्यांनी विचारलं, “की मला बरं वाटावं म्हणून?”

वहिनींनी खरोखर विचार केला. डिंकाची वाटी खिडकीत सरकवली, गुडघ्यावरून हात फिरवला.

“आज दुखतोय,” त्या म्हणाल्या. “उद्या नको.”

मग सरांनी हात पुढे केला. त्यांना वेळ लागला, दोघांनाही. वहिनी नीट उभ्या राहीपर्यंत मी दारातच थांबलो आणि मग चिठ्ठ्यांचं पाकीट टेबलावर ठेवलं.